घंटेला दार उघडं, आम्हाला बंद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. न्हावा-शेवा बंदरातून बाहेर आलेला एक कंटेनर आमच्या टोळीनं खाली केला. आत इटलीचा संगमरवर. एकेक लादी उभी लावलेली, मधे लाकडी ठोकळे. चार-साडेचार क्विंटलचा एक तुकडा. मुकादम बाहेर छत्री धरून उभा. ठोकळा काढताना लादी कलंडली आणि आमच्यातल्या एकाचा पाय खाली गेला. दोन बोटं गेली. ठेकेदारानं रिक्षाचं भाडं दिलं, दोन दिवसांची हजेरी दिली आणि विषय मिटवला. लादीचा एक कोपरा उडाला होता, त्याची चौकशी मात्र आठवडाभर चालली.

माल कुणाचा, कुठं चाललाय, हे आम्हाला कोण सांगणार? पण ट्रकवाला पनवेलचाच. तो म्हणाला, देवळाचा सभामंडप आहे, जीर्णोद्धार चाललाय. चार महिन्यांनी मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेलो. फरशी झकास बसवलीय. चेहरा दिसतो तिच्यात. दाराशी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरात देणगीदारांची नावं, नावापुढं आकडे. सगळ्यात खाली ‘फरशी सौजन्य’ आणि एका बिल्डरचं नाव. मी ती पाटी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. दोन बोटं कुठंच नव्हती.

मी दहावी पास माणूस. इतिहासात पस्तीस पडले होते, तेही मास्तरांच्या कृपेनं. पण त्या दिवशी शाळेतला एक धडा डोक्यात उठून बसला. मध्ययुगीन युरोप. सरंजामदार, चर्च आणि कला. तेव्हा वाटायचं, च्यायला, हे आपल्याला कशाला शिकवतात? कोण तो सरदार, कुठलं ते चर्च? आता कळतंय की तो धडा आमच्याच घरचा होता. फक्त नावं बदलून छापला होता.

मित्रांनो, आपल्या बैठकीत यावर दोन मतं पडली. एक मित्र म्हणतो, सरंजामशाही जगभर सारखीच. जमीन सोडवा, देऊळ आपोआप पडेल. दुसरा म्हणतो, ही सगळी शिल्पं, लेणी, मंडप, चर्च, सगळी त्यांची कला. तिच्यावर थुंका आणि पुढं चला. मला दोघांचंही अर्धं पटतं, अर्धं पटत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी युरोप बघू. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या लाँ गावच्या आदाल्बेरो नावाच्या बिशपनं समाजाचे तीन भाग मांडले. प्रार्थना करणारे, लढणारे, राबणारे. आणि ही रचना देवाचीच. वाचताना मला हसू आलं. ह्याला कुणी मनुस्मृती वाचून दाखवली होती की काय? राबणारा तो भूदास. तो जमिनीसकट विकला जायचा, मालकाच्या शेतात आठवड्यातले काही दिवस फुकट राबायचा. त्याला आपल्याकडं वेठ म्हणतात. मालकाच्या चक्कीवरच दळायचं, त्याचे पैसे वेगळे. लग्न करायचं तर मालकाची परवानगी, तिचेही पैसे. वर चर्चचा दशांश. दहा पेंढ्या पिकल्या की एक पाद्र्याची. मग ह्याच धान्यातून, ह्याच वेठीतून आणि ह्याच भीतीतून दगड वर चढले. पॅरिसची नोत्रदाम ११६३ च्या सुमारास सुरू झाली. शार्त्रचं जुनं चर्च ११९४ मध्ये जळलं आणि पंचवीस-तीस वर्षांत नवं उभं राहिलं. आज लोक विमानानं जाऊन त्या रंगीत काचा बघतात. बघण्यासारख्या आहेतच. पण त्या काचेतून येणाऱ्या उजेडाचं बिल कुणी भरलं, हे गाइड सांगत नाही.

बरं, हे सगळं युरोपातच राहिलं असतं तर आपण सोडून दिलं असतं. ते इथं आलं. आपल्या दारात आलं. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हातात गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. साष्टी, वसई, आपल्या शेजारचं उरण म्हणजे तेव्हाचं करंजा, सगळा पट्टा त्यांच्याकडं. त्यांनी येताना जहाजात तोफा आणल्या, क्रूस आणला आणि सरंजामशाहीही आणली. गावंच्या गावं पोर्तुगीज सरदारांना दोन-तीन पिढ्यांच्या बोलीवर दिली. राजाला ठरलेला सारा द्यायचा, वेळ पडली तर लढायला उभं राहायचं. बाकी गाव तुमचं, गावातली माणसं तुमची. जेजुईट पाद्र्यांकडंही गावं होती. त्या साऱ्याला ते फोरो म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडचं नाव त्यावरूनच आलं म्हणतात. जमिनीवरचा सारा गेला, त्याचं नाव उरलं आणि त्या नावाच्या रस्त्यावर बायांची शरीरं भाड्यानं गेली. सरंजामशाहीचं याहून खरं स्मारक मला माहीत नाही.

बोरिवलीच्या मंडपेश्वरला जा. शैव लेणं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं. आमच्या बंदरातून समोर घारापुरी दिसते. रात्रपाळीला तिचा काळा आकार समोर असतो. तिथं एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो दगड काढून आपल्या राजाकडं पाठवला असं दिओगो दो कोउतो या त्यांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलंय. पुढं तो दगड हरवला. म्हणजे घारापुरीची त्रिमूर्ती कुणी करवली याचा लेखी पुरावा गेला. कुणी केली याचा पुरावा त्या दगडावर असता असं मला तरी वाटत नाही. का, ते पुढं सांगतो.

आता घंटेची गोष्ट. चिमाजी अप्पानं १७३९ मध्ये वसई घेतली. चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या. विजयाची खूण म्हणून त्या देवळादेवळांत पोचल्या. आपल्या रायगड जिल्ह्यात पालीच्या बल्लाळेश्वराला अशीच एक घंटा आहे, ती चिमाजी अप्पानं वाहिली असं सांगतात. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ चं. तिथली मोठी घंटा १७२१ ची, पोर्तुगीज. नाशकात पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का, असं विचारतात.

जरा थांबून विचार करा. ही घंटा कुणी ओतली? ख्रिस्ती कारागिरांनी. तिच्यावर पाद्र्यानं मंत्र म्हटले असणार. गाय खाणाऱ्यांच्या चर्चमध्ये ती वाजली. पेशव्यांच्या भाषेत सगळा म्लेंच्छाचा कारभार. पण ती देवळात गेली. तिला कुणी शुद्ध करून घेतलं की नाही मला ठाऊक नाही. पण तिला दार उघडलं, एवढं नक्की. आणि त्याच पंचवटीत, त्या घंटेपासून हाकेच्या अंतरावर, काळाराम. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथं सत्याग्रह सुरू केला. हजारो माणसं दारात बसली. दारं बंद. दगड खाल्ले, काठ्या खाल्ल्या, १९३५ पर्यंत झगडा चालला, दार उघडलं नाही.

परधर्माच्या धातूनं देव बाटत नाही. आपल्याच गावातल्या माणसानं बाटतो.

माझ्या पहिल्या मित्राला माझं उत्तर ह्या घंटेतच आहे. बाबा रे, सरंजामशाही सारखी नाही. युरोपातल्या भूदासाला लुटलं, मारलं, उपाशी ठेवलं. पण तो चर्चमध्ये आत उभा राहायचा. मागं उभा राहायचा, पण आत. पाद्री लग्न करत नसे, निदान कायद्यानं करायचा नाही. म्हणून पाद्र्याच्या पोटी पाद्री जन्मत नव्हता. मालकानं मोकळं केलं तर भूदासाचा पोरगाही पाद्री होऊ शकायचा. भूदास पळून शहरात गेला आणि वर्षभर सापडला नाही तर कित्येक शहरांत तो मोकळा धरला जायचा. शार्त्रच्या काचांवर बायबलातल्या गोष्टी आहेतच, पण त्यांच्या खाली कोण आहे माहितीये? पाव भाजणारे, खाटीक, चाकं करणारे सुतार आणि जोडे शिवणारे. होय, चांभार. सातशे-आठशे वर्षं तो चर्चच्या काचेवर बसून जोडा शिवतोय आणि त्याच्या अंगातून ऊन आत येतंय. काही अभ्यासक म्हणतात, ह्या चित्रांमागं कारागिरांचं प्रेम कमी आणि त्यांच्या पैशावर चर्चचा डोळा जास्त. असेलही. पण पैशासाठी का होईना, त्याला काचेवर घेतलं. आमच्याकडं चांभारानं शिवलेला पखवाज देवळात वाजला, चांभार बाहेर राहिला.

उगाच युरोपची आरतीही ओवाळायला नको. तिथंही कागो नावाची माणसं होती, पिरेनीज डोंगराच्या बाजूला. चर्चमध्ये त्यांचं दार वेगळं, बुटकं. वाकूनच आत यायचं. पवित्र पाण्याचं भांडं वेगळं. गावाबाहेर वस्ती. आणि धंदा बहुतेकांचा सुतारकीचा. म्हणजे चर्चचं छप्पर त्यांनी घालायचं आणि त्याच छपराखाली चोरासारखं शिरायचं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्यूंचं तर विचारूच नका. १२१५ च्या लॅटरन परिषदेत चर्चनं ठरवलं की त्यांनी कपड्यावरून वेगळं ओळखू यावं. पुढं कापडाचा तुकडा छातीवर आला. तेव्हा चर्च दयाळू होतं असं कुणी सांगू नये. गोव्यात तर त्याच चर्चच्या आत जात शाबूत राहिली. बामण ख्रिस्ती वेगळा, चार्दो वेगळा, शूद्र वेगळा, मिरवणुकीतला मानही वेगळा. क्रूस बदलला, पंगत तीच. पण कागो आज उरले नाहीत. कोण कागो होता हे आज तिथं बघून सांगता येत नाही. आमच्याकडं आडनाव विचारून अजून सांगता येतं. भाड्यानं खोली बघायला जा म्हणजे कळेल.

आता आपली जमीन. कोकणात सरंजामदाराचं नाव खोत. तो सरकार आणि कूळ यांच्यामधला. सारा वसूल करायचा, अर्धेलीनं पीक उचलायचं, वर वेठ घ्यायची. माझा पणजा अशाच एका खोताच्या बांधावर राबला. महारकी होती ती वेगळी. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप केला. जमीन कसायचीच नाही म्हणाले. सहा वर्षं, १९३९ पर्यंत. लाकडं विकून, करवंदं खाऊन जगले, पण नांगर लावला नाही. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीला गेले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. कायदा झाला १९४९ ला. महारवतन सुटायला १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणजे मित्रा, जमीन सुटली. खोत गेला. मग देऊळ पडलं का? नाही पडलं. खोताच्या ओटीवरचा माणूस देवळाच्या ट्रस्टवर जाऊन बसला. पणजा वेठीतून सुटला, आजा मुंबईच्या गोदीत आला, मी न्हावा-शेवात. तीन पिढ्या शहराची हवा खाल्ली. युरोपातला भूदास वर्षभरात मोकळा व्हायचा. आमचा मुकादम अजून पहिल्या दिवशी विचारतो, “कुठल्या गावचा? गावात कुठं?” बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी म्हटलं ते याचसाठी. टोळीत आम्ही सोळाजण, पण डबे उघडताना दोन घोळके होतात. फ्रान्सनं ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरदारांचे हक्क मोडले आणि त्याच नोव्हेंबरात चर्चची मालमत्ता राष्ट्राची केली. आमच्या पंढरपुरात बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवायचा कायदा १९७३ चा, आणि त्यावर सुप्रीम कोर्टात शेवटची मोहोर उठली २०१४ ला. सव्वादोनशे वर्षांचा फरक आहे. मोजून घ्या.

आता दुसरा मित्र. तो म्हणतो, कला त्यांची. हे मला बिलकूल मान्य नाही. अंबरनाथचं देऊळ बघ. पनवेलहून तासाभराची वाट. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेख शके ९८२, म्हणजे १०६०. एक वीत जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. लेखात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. छिन्नी धरणाऱ्याचं नाही. म्हणून मघाशी म्हटलं, घारापुरीचा दगड सापडला तरी त्यात आपलं काही निघेल अशी आशा नको. आणि त्या काळातली खास सरंजामी कला बघायची असेल तर गधेगाळ बघा. आपल्या जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षीला आहे. जमीन दान दिली की दगड पुरायचा. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. हे दान जो मोडील त्याच्या आईला ही शिक्षा. जमीन राजाची, दान भटाला, आणि धमकी कुणाच्या अंगावर कोरली? बाईच्या. ही कलाच. पण ही मालकाची कला आहे. हिच्यावर थुंकायला मी तुझ्याबरोबर येतो.

पण कार्ल्याला आलास तर थुंकू नकोस. दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य. वैजयंतीचा भूतपाल शेठ म्हणतो, जंबुद्वीपातलं हे उत्तम लेणं मी पुरं केलं. शेठ सगळ्या काळात असेच बोलतात. पण त्याच लेण्यावर दुसरंही नाव आहे. धेनुकाकट गावचा सामी. सुतार. दाराचं काम त्यानं केलं असं दगडावर लिहिलंय. राजा नाही, सावकार नाही, भिक्षू नाही. रंधा मारणारा माणूस. त्याच्या बापाचंही नाव आहे. ते नाव वाचताना माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते मला नीट लिहिता येत नाही.

लगेच सुवर्णयुग म्हणून उड्या मारू नका, हेही सांगतो, कारण आपल्यातच ती खोड आहे. त्याच कार्ल्याला उषवदातानं, म्हणजे नहपानाच्या जावयानं, भिक्षूंसाठी एक अख्खं गाव दिल्याचा लेख आहे. गाव दिलं म्हणजे काय दिलं? गावात राबणाऱ्यांचं पीक दिलं. त्यांना विचारलं होतं का? बुद्ध आपला आहे म्हणून हा प्रश्न गिळायचा नाही. बुद्धानं तर प्रश्न विचारायलाच शिकवलं. पण एक फरक उरतोच. कार्ल्याला सुताराचं नाव दगडावर चढू शकलं. हजार वर्षांनी अंबरनाथला पाथरवटाचं चढलं नाही. मधे काय झालं? जमिनी दान गेल्या, जाती घट्ट झाल्या, हात आणि नाव वेगळे केले गेले. माझ्या मते सरंजामशाहीची व्याख्या हीच. हात तुझे, नाव माझं.

आणि चोखोबा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. महारांना वेठीला लावलं होतं. भिंत पडली, माणसं गाडली गेली, त्यात चोखामेळा गेला. महाराष्ट्राचा एवढा मोठा कवी भिंतीखाली मेला, आणि भिंत कुणाच्या रक्षणासाठी? ज्या गावाच्या आत त्याला घर नव्हतं त्या गावाच्या. नामदेवांनी हाडं गोळा केली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर पुरली, असं परंपरा सांगते. दारासमोर. आत नाही. आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबाबरोबर त्या भिंतीखाली आणखी कोण कोण होतं? त्यांची नावं कुणी गोळा केली नाहीत. ते अभंग म्हणत नव्हते, नुसता दगड उचलत होते.

मी कविता लिहितो आणि दगड उचलतो. म्हणून मला दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच. पाडायचं काही नाही आणि पुजायचंही काही नाही. वाचायचं. चर्च असो, देऊळ असो, लेणं असो, कुठल्याही भिंतीसमोर उभं राहिलं की तीन प्रश्न विचारायचे. दगड कुणी आणला? दाणे कुणाचे खाल्ले? आत कोण आलं नाही? पोरांच्या सहली नेता ना, तिथं हे विचारा. मास्तर गप्प बसले तर समजा प्रश्न बरोबर आहे.

आणि आता कामाचं. त्या सभामंडपाच्या ट्रस्टला आम्ही टोळीतल्या नऊजणांनी सह्या करून पत्र दिलंय. सोळातल्या सातांनी सही केली नाही, तेही लिहून ठेवतो. मागणी साधी आहे. ज्याची बोटं गेली त्याला भरपाई ठेकेदारानं द्यावी म्हणून ट्रस्टनं त्याला लिहावं, आणि देणगीच्या पाटीखाली दुसरी पाटी लावावी. फरशी उतरवणाऱ्यांची, बसवणाऱ्यांची, घासणाऱ्यांची. ट्रस्टचा एक माणूस हसला. म्हणाला, “अरे, अशी नावं लावायला लागलो तर भिंत पुरायची नाही.”

बरोबर बोलला तो. पहिल्यांदाच खरं बोलला. भिंत पुरायची नाहीच.

तोवर ही पानं आहेत. तुमच्या गावात देऊळ, चर्च, मशीद, वाडा, धरण, पूल, जे काही उभं असेल त्याच्या पायात कोण गेलं ते म्हाताऱ्यांना विचारा. नाव, गाव, काम आणि साल एवढंच आमच्याकडं पाठवा. घरच्यांची हरकत नसेल तरच पाठवा. पुढच्या अंकात कविता एक कमी छापू आणि ती नावं छापू.

पायाचं विचारताय? जखम भरली. तो आता उभ्याचं काम करू शकत नाही. गेटवर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांचे नंबर लिहितो. अक्षर चांगलं आहे त्याचं.

जय भीम.